जुनं मशीन चालू आहे तोवरच नवं : खानापुरातल्या एका डीटीपी दुकानाची संगणक खरेदी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर शहरातलं एक डीटीपीचं दुकान. सासरे आणि सून मिळून चालवतात, मुलगा पुण्यात नोकरीला. लग्नपत्रिका, घरभरणीची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पावती पुस्तकं, पाट्यांचे आणि फ्लेक्सचे ले-आउट अशी कामं. छपाई इथं होत नाही. मॅटर टाइप करायचं, प्रूफ दाखवायचं, ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरची प्रिंट) काढून बेळगावच्या प्रेसला पाठवायचं, हा शिरस्ता. पत्रिका बहुतेक मराठीत, पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये आणि पाटी दोन्हींत. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झाल्यापासून कन्नडचं काम वाढलंय. मराठीत समजावून घेऊन कन्नडमध्ये नीट करून देणारं दुकान म्हणून नंदगड, हलशी, जांबोटीकडचे लोक इथं येतात.

मी बेळगावात संगणक जोडणीचं आणि दुरुस्तीचं काम करतो. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला सासऱ्यांचा फोन आला. "मशीन लई स्लो झालंय ओ. रॅम वाढवूया काय? का नवंच घेऊया? का मार्चनंतर रेट उतरतील, तोवर थांबूया?" हे तिन्ही प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. हेच प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण इथं निर्णय किमतीवर झाला नाही. छोट्या दुकानात तो बहुधा किमतीवर होऊही नये असं मला वाटतं. दुकानाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मशीनची तब्येत

डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, मग दुकान झाडायचं, देवाला दिवा लावायचा, तेवढ्यात मशीन कामाला तयार होतं. मागच्या यूएसबीत मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारं छोटं किल्लीवजा उपकरण. ते हलू नये म्हणून सेलोटेपनं चिकटवलेलं, आणि त्या टेपवर वर्षांची धूळ. डाँगल निघालं की मराठी बंद.

टास्क मॅनेजर उघडला तर पेजमेकर (पानाची मांडणी करायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एवढंच चालू असूनही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवरून खाली येत नव्हता. मग डिस्कची स्वतःची नोंद काढली. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या आरोग्याची नोंद ठेवत असते, फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं ती वाचता येते. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' नावाची ओळ असते. डिस्कला वाचता येत नसलेल्या जागा किती, ते तिथं कळतं. चांगल्या डिस्कवर तिथं शून्य असतं. इथं नव्हतं. आठवड्यानं पुन्हा पाहिलं तर आकडा वाढलेला.

इथपर्यंत सासऱ्यांचं म्हणणं होतं, "चालतंय की अजून." खरंच चालत होतं. पण अशी डिस्क असताना थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. रोज थोडी थोडी जोखीम वाढत जाते. म्हणून घ्यायचं की थांबायचं हा वाद बाजूला ठेवून आधी डिस्कची पूर्ण नक्कल करायला घेतली. काही फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. बाकी सगळा माल सुरक्षित निघाला, आणि त्यानंतरच शांतपणे बोलता आलं.

रॅमचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. विंडोज ३२-बिट होती. ३२-बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, वर कितीही घाला. ३२-बिट का ठेवली होती, तर डाँगलचा ड्रायव्हर ३२-बिटचा आणि ६४-बिट विंडोज तसला ड्रायव्हर घेत नाही. या दुकानाची सगळी अडचण या एका गोष्टीत होती. पण तिच्याकडे यायच्या आधी घरातली मतं सांगायला हवीत.

चार मतं

सासरे थांबायच्या बाजूचे. संगणक घेतला की महिन्याभरात तोच स्वस्त होतो, हा त्यांचा अनुभव, आणि तो खोटा नाही. इतकी वर्षं तसंच होत आलं. पण २०२५ च्या शेवटी बाजार उलटा फिरला. रॅमच्या चिप बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत नफा जास्त, म्हणून त्यांनी कारखाने तिकडे वळवले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले, फिरत्या डिस्कऐवजी बसणारी वेगवान एसएसडीही त्यांच्या मागोमाग चढू लागली. चिपचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे 'मार्चनंतर उतरेल' या आशेला या वेळी आधार नव्हता.

पुण्याच्या मुलाचं मत, नवीन पिढीची चिप येतेय, सहा महिने थांबा, 'एआय पीसी' घ्या. ज्या दुकानात सगळ्यात जड काम म्हणजे दहा फुटी फ्लेक्सचा ले-आउट, तिथं त्याचा उपयोग नाही. हे त्याला फोनवर सांगितलं, त्याला पटलं.

कर सल्लागार म्हणाले, ३१ मार्चच्या आत घ्या, घसारा मिळेल. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो हे बरोबर. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. पण हे दुकान तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर उत्पन्न दाखवतं. तिथं घसारा त्या हिशेबात धरलेलाच असतो, वेगळा मागता येत नाही. म्हणजे मार्चची घाई करायचं कारण नव्हतं. आपण नेमक्या कोणत्या पद्धतीनं रिटर्न भरतो हे न विचारता केवळ 'टॅक्स वाचतो' म्हणून मशीन घेणारे दुकानदार मी दर मार्चमध्ये पाहतो. त्यांचे पैसे उगाच अडकतात.

चौथं मत सुनेचं. "आत्ताच घेऊया. शुक्राचा अस्त संपला की दाराशी रांग लागतेय, तेव्हा मी गिऱ्हाइकाला बघू का नवीन मशीन शिकू?" चौघांत तिनंच तारखेचा विचार कामाच्या बाजूनं केला होता.

विंडोज १० चं काय, हेही त्यात आलंच. मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढं नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचे प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. चौथ्या पिढीच्या या मशीनला तिकडची वाट बंद. पण नुसत्या या तारखेसाठी घाबरून खरेदी करायची गरज नव्हती, दहा महिने हाताशी होते.

खरा खर्च टायपिंगचा

मी दुकानात बसून एक पत्रिका होताना पाहिली. गिऱ्हाइकानं मॅटर व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, फोनवर मराठीत व्यवस्थित टाइप केलेलं : चि., चि. सौ. कां., आजोबा-पणजोबांची नावं, मामांचं गाव, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून आहेरापर्यंत सगळं. सूनबाईंनी फोन स्टँडला टेकवला आणि तेच सगळं मॅटर पहिल्यापासून पुन्हा टाइप करायला घेतलं. कारण फोनवरचं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, आणि २००१ सालच्या पेजमेकर ७ ला युनिकोड कळत नाही. तिथं जुन्या डाँगलवाल्या सॉफ्टवेअरचे फॉन्टच चालतात. त्यांत पडद्यावर 'ज्ञ' दिसला तरी आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात. उलट दिशेनंही तेच. तिथलं मॅटर उचलून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर टाकलं तर त्याला इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, म्हणून प्रूफ फोटो काढून पाठवायचं. पुन्हा टाइप करताना 'कृष्णाजी'चा 'कृष्णजी' होतो, आडनावातला एक काना जातो. पत्रिका छापून आल्यावर ते लक्षात आलं तर ट्रेसिंगपासून सगळं पुन्हा, आणि तो खर्च दुकानाच्या खिशातून.

कन्नडचंही तसंच. पंचायतीकडून येणारं मॅटर कधी 'नुडी' या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये, कधी युनिकोडमध्ये. पाटीसाठी मराठी एका प्रोग्रॅममध्ये, कन्नड दुसऱ्यात, आणि दोन्ही चित्रं करून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी ठेवायची. गिऱ्हाईक म्हणालं, "अक्षर जरा जाड करा," की पुन्हा दोन्हीकडं जायचं.

हे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. मशीन हळू चालतं याचा तोटा दिवसाकाठी थोडी मिनिटं. एकदा टाइप झालेलं मॅटर पुन्हा टाइप करण्याचा तोटा तास. हा तोटा रॅमनं जात नाही, नव्या चिपनं जात नाही, आणि थांबल्यानं तर वाढतच जातो, कारण हाताने लिहिलेला कागद घेऊन येणारी गिऱ्हाइकं कमी होत चाललीत.

पण नवीन मशीन आणलं आणि जुनं काढून टाकलं, असं केलं असतं तर दुकान बुडालं असतं. विंडोज ११ फक्त ६४-बिट येते. जुन्या डाँगलचा ड्रायव्हर तिथं चालत नाही. पेजमेकरच्या फाइली त्याची जागा घेतलेल्या आजच्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत. दरवर्षी तोच अहवाल थोडा बदलून छापणाऱ्या सोसायट्या, दरवर्षी तीच पावती पुस्तकं छापणारी मंडळं, हा या दुकानाचा हक्काचा माल, आणि तो सगळा जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, अर्धी अक्षरं आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासावेच लागतात. हे काम एका रात्रीत होत नाही, आणि जुनं मशीन बंद पडल्यावर तर होतच नाही.

म्हणून प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं मांडावा लागला. भाव कधी उतरेल हे बाजूला ठेवायचं. जुनं मशीन अजून किती दिवस नव्याच्या शेजारी उभं राहू शकेल, ते पाहायचं. पीठ संपायच्या आधी दळण टाकतात, तसंच हे. दोन्ही मशीन काही महिने एकत्र चालली पाहिजेत, आणि जुन्याची डिस्क तर जायला लागलेली.

मग पंचांग काढलं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त, त्यामुळे अस्त पाळणाऱ्या घरांची कार्यं फेब्रुवारीवर गेलेली. पुढं १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ, त्या महिन्यात लग्नं नाहीत. म्हणजे फेब्रुवारी ते मध्य मे एवढ्या काळात सगळी गर्दी, वर त्यातच शाळांच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. नवीन मशीन बसवायचं आणि हात बसवायचा तर जानेवारी हाच महिना. सूनबाई पहिल्याच दिवशी हे बोलल्या होत्या.

काय घेतलं, कुठून घेतलं

सासऱ्यांची मर्यादा ५० हजारांची. सेकंड हँडचा पर्याय गंभीरपणे पाहिला. कंपन्यांतून बाहेर पडलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप बेंगळुरूच्या एसपी रोडवर मिळतात आणि टिकाऊही असतात. पण आठवी पिढी म्हणजे विंडोज ११ च्या यादीची अगदी खालची पायरी. पुढची आवृत्ती ती पायरी ठेवील की नाही, या भरवशावर दुकानाचं मुख्य मशीन नको असं मी सांगितलं. दुसरी बैठक लावायची झाली तर तेच घ्यावं.

सुनेला लॅपटॉप हवा होता, पावसाळ्यात लाईट जाते म्हणून. कारण रास्त, पण दिवसभर टाइप करायला मोठा पडदा आणि वेगळा कीबोर्डच बरा, आणि डेस्कटॉपचा सुटा भाग बेळगावात त्याच दिवशी मिळतो. यूपीएसची बॅटरी बदलून तो प्रश्न मिटवला.

ठरलं ते असं : बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ५१२ जीबी एसएसडी, १६ जीबी रॅम. ग्राफिक्स कार्ड नको. मॉनिटर जुनाच ठेवला, नव्या बोर्डावर व्हीजीए आहे ना ते आधी बघून. '८ जीबी घ्या, पुढं वाढवा' हा सल्ला मी स्वतः वर्षानुवर्षं देत आलोय, पण या वर्षी रॅमच महागत असताना तो लागू नव्हता. १६ जीबीची एकच पट्टी घेतली, दुसरा खाचा मोकळा ठेवला.

कोल्हापूरला थोडं स्वस्त मिळतंय असं मुलानं शोधून काढलं होतं. आपल्याकडं ही गोष्ट नेहमी येते, निपाणी-चिकोडीकडं तर जास्तच. हे दुकान जीएसटीत नेहमीच्या पद्धतीनं नोंदलेलं आहे, म्हणून हिशेब नीट पाहिला. मूळ किंमत ४०,००० धरली तर १८ टक्क्यांनी कर ७,२००. बेळगावात घेतलं तर ३,६०० केंद्राचा सीजीएसटी आणि ३,६०० कर्नाटकचा एसजीएसटी, दोन्हींचं क्रेडिट मिळतं, म्हणजे दुकानानं भरायच्या करातून ते वजा होतं. कोल्हापूरच्या विक्रेत्यानं कर्नाटकचा जीएसटी क्रमांक घालून आयजीएसटीचं (दोन राज्यांतल्या व्यवहारावरच्या कराचं) बिल दिलं तरीही पूर्ण ७,२०० चं क्रेडिट मिळतं. पण काउंटरवरचा माणूस घाईत महाराष्ट्राचा एसजीएसटी लावून बिल फाडतो तेव्हा त्या कराचं क्रेडिट कर्नाटकच्या नोंदणीवर घेता येत नाही, आणि जे काही स्वस्त पडलं ते तिथंच जातं. त्यात बिघाड झाला तर मशीन घेऊन शंभरावर किलोमीटर परत जायचं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असलेल्या किंवा नोंदणीच नसलेल्या दुकानाला क्रेडिटचा प्रश्न येत नाही, त्यांनी सरळ बिलाची एकूण रक्कम आणि सर्व्हिस तेवढी पाहावी. इथं बेळगावातच घ्यायचं ठरलं.

जुन्या मशीनला छोटी एसएसडी बसवून त्यावर नक्कल उतरवली. आता ते सकाळी झाडून होण्याआधीच चालू होतं. त्याची इंटरनेटची वायर मात्र काढली. जुन्या फाइली आणि डाँगल एवढ्यासाठीच ते उरलं, बाहेरून काही आणायचं झालं तर पेन ड्राइव्ह नव्या मशीनवर तपासून मगच.

नव्यावर सगळं युनिकोड. फॉन्ट 'एक टाइप' या संस्थेचे : मराठीला मुक्ता आणि बालू, कन्नडला बालू तम्मा. हे फुकट मिळतात, आणि बालूचं घराणं दोन्ही लिप्यांत एकाच वळणाचं असल्यामुळे दोन भाषांची पाटी एका हातानं लिहिल्यासारखी दिसते. ले-आउटला स्क्रायबस १.६ हे सॉफ्टवेअर. ते जोडाक्षरं नीट मांडतं आणि प्रेसला लागणारी सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ काढून देतं. सूनबाईंना भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. त्यात ज्या बटणावर मराठी 'क', त्याच बटणावर कन्नडचा 'क', त्यामुळे एक भाषा बसली की दुसरी निम्मी आलीच. सासऱ्यांची बोटं टायपरायटरवर तयार झालेली. या वयात त्यांना बदलायला लावणं अन्याय झाला असता. त्यांच्यासाठी त्याच ठेवणीचा युनिकोड कीबोर्ड बसवला.

फेब्रुवारीची गर्दी या मांडणीवर निघाली. व्हॉट्सॲपवरचं मॅटर थेट पत्रिकेत पडतं, प्रूफ पीडीएफनं जातं, नावांच्या चुका आता गिऱ्हाइकाच्या मूळ मजकुरातल्याच निघतात. एका प्रेसनं सुरुवातीला कोरलची फाइलच हवी म्हणून हट्ट धरला, पीडीएफमधले फॉन्ट आकृत्यांत बदलून दिल्यावर तीही अडचण गेली. सासरे कन्नड मॅटर अजून जुन्या मशीनवरच करतात, आणि सोसायट्यांच्या अहवालांचं रूपांतर सुरूच झालेलं नाही. ते अधिक महिन्यात, पत्रिका थांबल्या की हातात घ्यायचं ठरलंय, पहिल्यांदा ज्यांची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये असते त्यांचे अहवाल.